इतिवृत्त, साल्टर्स ड्रोव

फाटकाला पिवळा कागद बांधलाय, प्लास्टिकच्या पिशवीत.
पिशवीत तरी थेंब शिरलेच.
ऐंशी घरं, दोन रस्ते, एक शोभेचं तळं.
हरकती एकवीस दिवसांत.

हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या.
मी पॅरिश कौन्सिलची चिटणीस,
महिन्याला अकरा तासांचा पगार.
कोण काय म्हणालं ते लिहायचं;
कसं म्हणालं, ते नाही.

विनिफ्रेड टफनेल म्हणाली,
दवाखान्यात आजची वेळ मागितली
तर पुढच्या पंधरवड्यातली मिळते,
तोवर माणूस बरा होतो नाहीतर जातो.
(नोंद घेतली, पहिल्या दोन ओळींची.)
शाळेत दोन इयत्ता एका खोलीत. नोंद घेतली.
पुलाबद्दल सगळे एकदम बोलले.

पूल एका ट्रॅक्टरएवढा.
समोरून कुणी आलं की एकानं मागे जायचं,
दुसऱ्यानं जाताना हात वर करायचा.
हा हात
तुमच्या नकाशात कुठं दाखवलाय,
असं मागून कुणीतरी विचारलं.

मग डेझमंड पास्क उठला, गमबुटांसकट.
"त्या शेताचं नाव काय?"
कंपनीच्या पोरानं टॅब्लेटवर बोट फिरवलं.
"भूखंड सात, ब."
"पार्सन्स वॉश," डेझमंड म्हणाला.
"वॉश म्हणजे नदी फुगली की
तिला अंग टाकायला राखलेली जागा.
जुन्या लोकांनी नावातच लिहून ठेवलंय,
वाचता येत असेल तर."
पोरगा म्हणाला, पाणी जमिनीत मुरेल,
तशी आधुनिक व्यवस्था आहे.
अख्खा हॉल हसला.
कुठंतरी पाणी मुरतंय, ही आमची शंका नव्हतीच.
कुठंच मुरत नाही,
हीच तर तक्रार.

केझाया लन बोलायला आली नव्हती.
चहाच्या खिडकीशी उभी होती, हातात फडकं.
"तुमच्यातल्या चौघांना मी रोज पहाटे अंथरुणातून उठवते," ती म्हणाली,
"आंघोळ घालते, मोजे चढवते.
आणि रात्री भावाच्या अंगणात कॅरॅव्हॅनमध्ये झोपते.
या ऐंशीत माझं एखादं आहे का?"
"परवडणारी वीस टक्के," पोरगा म्हणाला, "शक्यतो."
"शक्यतो,"
ती म्हणाली, आणि कप विसळायला वळली.

टाळ्या पडल्या नाहीत.
विनिफ्रेड बराच वेळ चष्मा पुसत राहिली.
त्या चौघांत ती एक.

घरी येऊन मी कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं.
एकोणीसशे बहात्तर. ऑर्चर्ड क्लोज, चौदा घरं.
हरकती बत्तीस.
"ही झाली तर हे गाव गाव राहणार नाही."
सही: सायलस पास्क. डेझमंडचा बाप.
मी हे वाचत होते
त्या चौदातल्या नवव्या घरात,
हीटरवर पाय ठेवून.

मागच्या भिंतीला बागेतलं एक नाशपातीचं झाड उरलंय.
सप्टेंबरात गवतभर फळं टाकतं.
डेझमंड टोपली घेऊन येतो, विचारत नाही.
मीही कधी विचारलं नाही,
का विचारत नाहीस म्हणून.

बाराला बांधावरचा पंप सुरू झाला.
समुद्राच्या पातळीखालचं गाव आमचं,
रात्रभर उपसत राहतं स्वतःला,
तेव्हा कुठं सकाळी कोरडं असतं.

इतिवृत्ताला रकाने दोन:
हरकत. पाठिंबा.
पूल, दवाखाना, शाळा, पाणी, सगळं डावीकडे बसलं.
केझायाचं वाक्य हातात धरून बसले मी,
डावीकडे खोटं वाटे, उजवीकडेही.
शेवटी मधल्या रेघेवर लिहिलं,
जमेल तेवढ्या बारीक अक्षरात.
मग वाटलं, बारीक कशाला.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.